गालातला ज्येष्ठमध

आमची शाळा १५ जूनला भरते आणि माझा आवाज महिनाअखेरीस जातो. गेली २२ वर्षं हा क्रम चुकलेला नाही. पिंपरीतली शाळा, पाचवी ‘ब’, ५८ मुलं, वरती पत्रा आणि पत्र्यावर पाऊस. पहिले दोन आठवडे मी पावसाशी भांडून घेते. मग घसा खवखवायला लागतो, मग धरतो, आणि एका सकाळी ‘दूध आलंय का बघ रे’ म्हणायला तोंड उघडावं तर नुसती हवाच बाहेर पडते. यंदा हजेरी घेताना तेविसाव्या नंबरला गाडी बंद पडली. पहिल्या बाकावरून आवाज आला, “बाई, तुमची रेंज गेली.”

वर्ग हसला. मीही हसले, म्हणजे चेहऱ्याचा तसा आकार केला.

मराठी शिकवते म्हणून असेल, पण बोलता येईनासं झालं की मी शब्द मोजत बसते. या एवढ्याशा नळीला आपण तीन नावं दिली आणि तिघांना कामं वाटून दिली. गळा बाहेरचा. त्यात माळ घालतात, तो दाबतात, कापतात, नको असलेलं काम एखाद्याच्या गळ्यात मारतात. कंठ सणासुदीचा. तो फुटतो, दाटून येतो, पाठ केलेलं सगळं त्यात राहतं. आणि घसा बिचारा फक्त दुखण्यापुरता! खवखवतो, सुजतो, कोरडा पडतो, बसतो. फार तर कुणी खाकरून साफ करतं. धडधाकट माणसाला आपल्याला घसा आहे याची आठवणही नसते. गाणारीचा गळा गोड असतो. घसा गोड आहे असं कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

माझं माहेर सांगलीचं. आजोबा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर तोलार होते. त्यांची नखं, धोतराचा काठ, खिशातली वही, सगळं पिवळं. ते दारात यायच्या आधी त्यांचा वास घरात यायचा. जवळच हरिपूरला हळदीची पेवं होती. वरून तोंड बारीक, माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत खोल, मोठं पोट. त्यात हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५च्या महापुरात त्यातली कितीतरी पेवं पाण्यानं वाया गेली. लहानपणी एकदा आजोबांनी मला लांबून पेव दाखवलं होतं. मला ते जमिनीचा घसाच वाटलं. वर एवढंसं भोक, आत काळोख, आणि औषध म्हणून आत हळदच.

आमच्या घरात हळद विकत आणलेली मी पाहिली नाही. हंगामात वानवळा म्हणून हळकुंडं यायची, ती आजी वर्षभर पुरवायची. घसा धरला की ती लोखंडी पळी काढायची. पळीत चमचाभर तूप, तूप तापलं की बारीक चिरलेला गूळ. गूळ आधी नुसता विरघळतो, मग कडेनं फेस धरतो. तो फेस मधल्या भागापर्यंत आला की पळी खाली. त्यात हळद आणि सुंठ. पुढचं काम घाईचं. निवलं तर मिश्रण दगड होतं आणि गरम असताना बोट भाजतं. आजी बोटांना तूप लावून, फूऽ फूऽ करत, बोराएवढ्या गोळ्या वळायची आणि पितळेच्या ताटलीत एकमेकींना चिकटू नयेत अशा लांब लांब ठेवायची. ताटलीत पिवळसर तपकिरी गोळ्यांची रांग आणि तिच्या तर्जनीला हळदीचा डाग, जो पुढे तीन दिवस पोळीवर दिसायचा.

“निजताना गालात धर. चावायची न्हाई. बोलायचं तर अजिबात न्हाई.”

शेवटचं वाक्य मी तेव्हा ताकीद समजायचे. आता वाटतं, औषध तेच होतं. आजीच्या सगळ्या उपायांची यादी नजरेखालून घातली तर एक गोष्ट लक्षात येते: त्यातला कुठलाही उपाय चालू असताना माणसाला बोलता येत नाही. ज्येष्ठमधाची काडी गालात असली की लाळ सुटते आणि ओठ मिटून घ्यावे लागतात. दिव्यावर शेकलेली लवंग दाढेखाली धरली की जीभ बधिर होते, ‘स’चा ‘थ’ होतो आणि माणूस लाजून गप्प बसतो. गुळणी करताना तर बोलायचा प्रश्नच नाही. वाफ घेताना डोक्यावर चादर आणि समोर पातेलं. तिथे कुणाशी बोलणार? बेहड्याची साल, खडीसाखर आणि मिरी, सितोपलादी चूर्णाचं मधातलं चाटण, सगळ्यांची तीच तऱ्हा. कानाच्या डॉक्टरांनी, ते घशाचेही असतात, मला पाचशे रुपये घेऊन हेच सांगितलं. आवाजाला विश्रांती द्या. वर एक जास्तीची गोष्ट सांगितली, जी आजीला माहीत नव्हती: कुजबुजूही नका, कुजबुजताना स्वरतंतूंना उलट जास्तच ताण पडतो. मला त्या वेळी वर्गातल्या मागच्या बाकांची कीव आली.

या औषधांना आपण घरगुती म्हणतो याचं मला अलीकडे हसू येतं. घरची त्यात एकटी हळद, आणि तीही सांगलीकरांपुरती. लवंग मूळची इंडोनेशियातल्या बेटांवरची. मिरीसारखं दिसणारं कंकोळ तिकडचंच, जावाकडचं. मिरी केरळातून येते. ज्येष्ठमध बराचसा अफगाणिस्तानातून. गणपती पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात आजी घासाघीस करून पाव किलो मुळ्या घ्यायची तेव्हा अर्धा आशिया तिच्या पिशवीत पडत होता. ज्येष्ठमधाचा ज्येष्ठाशी तसा संबंधही नाही. संस्कृतातलं यष्टिमधु, म्हणजे गोड काठी, बोलता बोलता आपल्या तोंडात आदरार्थी झालं. त्याच्यातलं जे गोड द्रव्य आहे ते साखरेच्या कितीतरी पट गोड. घशावर एक बुळबुळीत थर बसतो आणि टोचणं कमी होतं, इतकं त्याचं काम सरळ आहे. पण तेच द्रव्य रोज पोटात जात राहिलं तर रक्तदाब वाढवतं आणि शरीरातलं पोटॅशियम कमी करतं. माझ्या आईला बडीशेपेसारखी ज्येष्ठमधाची पूड खायची सवय लागली होती. बीपीच्या गोळ्या वाढवूनही आकडा खाली येईना तेव्हा डॉक्टरांनी तिला दिवसभरात काय काय तोंडात टाकता म्हणून विचारलं. उत्तरादाखल आईनं पर्समधून डबी काढली.

असाच उलटा प्रवास अडुळशाचा. आजी परसातल्या अडुळशाची पानं वाफवून रस काढायची आणि आम्ही नाक दाबून प्यायचो. शहरात आल्यावर मी खोकल्याचं पातळ औषध आणायला लागले आणि सुटले असं मानलं. पुढे एका बाटलीवर ब्रोमहेक्झिन हे नाव दिसलं म्हणून जरा वाचलं. अडुळशात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्यावरूनच ब्रोमहेक्झिन घडवलेलं. म्हणजे आजीनं मला गाठलंच, फक्त या खेपेला चेरीच्या वासात.

गुळण्यांबद्दल मात्र मला कुठलीही शंका नाही. ग्लासभर कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ, वाटल्यास चिमूटभर हळद. मीठ सुजलेल्या आवरणातलं पाणी ओढून घेतं आणि घसा थोडा वेळ मोकळा होतो. थोडाच वेळ, म्हणून पुन्हा पुन्हा करायच्या. आमच्या घरी सकाळी न्हाणीघरातून गुळण्यांचे आवाज यायचे आणि डोळे मिटूनही आत कोण आहे ते कळायचं. आजोबांची गुळणी खर्जातली, लांबलचक, संपताना एकदम तुटणारी. बाबांची तुकड्या तुकड्यानं, ट्रॅक्टर चालू होत नसल्यासारखी. काकांना गुळणी करताना गाणं म्हणायची खोड होती. जपानात शाळकरी मुलांनाही बाहेरून आल्यावर गुळण्या करायला शिकवतात. तिथे ३८७ निरोगी माणसांवर केलेला एक प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. साध्या पाण्यानं रोज गुळण्या करणाऱ्यांना सर्दीपडसं कमी झालं. आयोडीनचं औषध घालून करणाऱ्यांना तेवढा फायदा दिसला नाही. हे मी काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “आणि गाणं म्हणणाऱ्यांचं काय?”

हळदीबद्दल मी थोडी हात राखून बोलते, सांगलीची असून. अमेरिकेत १९९५ साली जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं, रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं ते आव्हान देऊन १९९७ साली रद्द करवलं, आणि तेव्हापासून आपल्याकडे समज असा की हळद सगळ्यावर चालते हे अमेरिकेनंच मान्य केलं. भांडण जखमेचं होतं आणि ही विद्या नवी नाही एवढ्यापुरतंच होतं. हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फार थोडं जातं. मिरी बरोबर असली तर जास्त जातं, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं. दुधात हळद घालताना आजी मिरीचे दोन दाणे ठेचून टाकायची ते कशासाठी, हे मात्र तिला कुणी विचारलं नाही. बहुधा तिच्या आईनं टाकलेले पाहिले म्हणून.

२०२०चं साल आठवतं. आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी आणि मनुका यांचा काढा सुचवला होता, दिवसातून एकदा-दोनदा. आमच्या सोसायटीनं तो चहासारखा प्यायला सुरुवात केली. मी चार वेळा. एकीकडे फोनपुढे बसून पाचवीचे वर्ग. पलीकडे ऐकू जातंय की नाही कळत नाही म्हणून मी तिसऱ्या मजल्यावरून हाक मारावी तशी शिकवत होते. महिनाभरात छातीत जळजळ, तोंडात फोड, आणि घसा पहिल्यापेक्षा वाईट. पित्त रात्री वर येऊन घसा सोलत होतं. म्हणजे घशासाठी काढा, काढ्यानं पित्त, पित्तानं घसा. काढा बंद केला आणि पंधरवड्यात बरी झाले.

इथपर्यंतचं सगळं हसत हसत सांगता येतं. माझ्या मोठ्या आत्याचं तसं नाही.

आत्या १९५१ची. नऊ-दहा वर्षांची असताना तिला वरचेवर घसा यायचा. भणभणून ताप, थुंकी गिळता येईना, जबड्याखाली बोराएवढ्या गाठी. सर्दी नाही, खोकला नाही. आजीचं निदान ठरलेलं, पडजीभ पडली. त्याचा उपायही ठरलेला. शेजारणीनं आत्याचं डोकं मांडीत धरायचं आणि आजीनं बोटाला मीठ नि मिरपूड लावून, ते बोट घशात घालून पडजीभ वर दाबायची. आत्या अजून सांगते, त्या बोटाला कांद्याचा वास यायचा. मग गुळण्या, मग गूळ-सुंठीची गोळी, मग गप्प पडून राहायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी घसा बरा व्हायचा.

खरंच बरा व्हायचा, हीच तर अडचण. बहुतेक घसे विषाणूंचे असतात आणि काही केलं नाही तरी आठवडाभरात सुधारतात. म्हणून तर प्रत्येक घरचा उपाय रामबाण. पण काही घसे, आणि मुलांमध्ये जास्त, स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूचे असतात. तेही वरवर आपोआप बरे होतात. मात्र दोन-तीन आठवड्यांनी शरीर त्या जिवाणूशी लढता लढता स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटतं, अगदी थोड्या मुलांत, पण उलटतं. आत्याचा आधी गुडघा सुजला. तो उतरला तर घोटा, मग मनगट. वाढीचं दुखणं म्हणून तेल चोळलं गेलं. आत्या मुळात मुखदुर्बळ, तिनं कुणाला फारसं सांगितलंही नाही. एका फ्रेंच डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकात या आजाराबद्दल म्हणून ठेवलंय की तो सांधे नुसते चाटतो, हृदयाला मात्र चावतो.

त्या घशावरचं औषध तेव्हा मिळत नव्हतं असंही नाही. हे १९६०-६१चं सांगतेय. सांगलीपासून सव्वादोनशे किलोमीटरवर, पिंपरीत, हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात १९५५पासून पेनिसिलीन तयार होत होतं. दहा दिवसांचं पेनिसिलीन, एवढाच तो उपाय. योगायोग असा की पुढे मला नोकरी त्याच पिंपरीत लागली. पहिल्या वर्षी बसमधून त्या कारखान्याची पाटी दिसली तेव्हा मला आजीचं बोट आठवलं.

१९७३ साली आत्याला सातवा महिना होता. तिला आडवं झोपता येईना. दोन जिने चढली तर धाप. मिरजेच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि मग विचारलं, “लहानपणी सांधे सुजले होते का?” हृदयाची एक झडप आकसली होती. कुठल्या घशातून ते आलं, हे आता कोण सांगणार? मुंबईला नेऊन ऑपरेशन झालं. तेव्हाची पद्धत अशी की डाव्या बाजूनं, बरगड्यांच्या मधून छाती उघडायची, आणि हृदय चालू असतानाच त्यात बोट घालून चाचपत झडप मोकळी करायची. डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा आजी तिथेच होती. बाबा सांगतात, ऐकता ऐकता तिनं आपला उजवा हात पदराखाली घेतला.

आत्या वाचली. आतेभाऊही सुखरूप झाला. आता पन्नाशी ओलांडून तो मला पथ्यं सांगतो. आजी या विषयावर कधी बोलली नाही. पण पडजीभ उचलणं त्या दिवसापासून बंद. माझ्या आठवणीतली आजी म्हणजे एका हातात दोन सेलची बॅटरी आणि दुसऱ्या हातात उलटा धरलेला चमचा. “आ कर. अजून. आऽऽ म्हण.” कपाळाला हात लावायचा, जबड्याखाली चाचपायचं, नाक वाहतंय का, खोकला आहे का विचारायचं. नाक वाहत असलं, खोकला असला तर चेहरा सैल पडायचा. “सर्दीचा हाय. माझा हाय.” मग पळी चुलीवर. पण ताप आहे, खोकला नाही, गाठी लागतायत आणि आत पांढरे ठिपके दिसतायत असं झालं की एकच हुकूम: “चप्पल घाल.” गोळी नाही, काढा नाही, रात्रीचे नऊ वाजलेले असले तरी डॉक्टर. हे सगळं तिला मिरजेच्या त्याच डॉक्टरांनी शिकवलं होतं, असं बाबा सांगतात. हेच चार मुद्दे मोजून घसा तपासायची पद्धत पुढे १९८१ साली एका अमेरिकन डॉक्टरनं मांडली आणि जगभर ती शिकवतात. आमच्याकडे तिचं नाव ‘चप्पल घाल’ असं होतं.

वर्गात एखादं पोर गळ्याला हात लावून बसलेलं दिसलं की माझी बॅटरी नसते, पण प्रश्न तेच असतात. सर्दी आहे म्हटलं की मला बरं वाटतं. पालकांना ते फार चमत्कारिक वाटतं. आणि घरात तान्हं असेल तर एक सूचना मी न विचारता देते: वर्षाच्या आत मध अजिबात चाटवू नका.

या जूनमध्ये आत्या आठवडाभर माझ्याकडे आली होती. १९९४ साली तिची ती झडप बदलून कृत्रिम बसवली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, आणि त्या गोळीशी भांडतात म्हणून काढे, चूर्णं, आल्याचे, हळदीचे अर्क सगळं बंद. आमच्या अख्ख्या खानदानात घरगुती औषध वर्ज्य असलेली ती एकटी. आल्या आल्या पावसानं तिचाही घसा धरला. ती मिठाच्या गुळण्या करायची आणि मी गालात काडी धरून फिरायचे. दोघी मुक्या. पाटीवर लिहून भाजी ठरवत होतो. तिनं ‘दोडका’ लिहिलं, मी खोडून ‘बटाटा’ लिहिलं.

तिसऱ्या रात्री वीज गेली. पंखा थांबला. पाऊसही नेमका उघडलेला. मी तिच्या शेजारी, खाली गादीवर. काळोखात आधी वाटलं भिंतीवरचं घड्याळ, पण ते घड्याळ आमच्याकडे कधीचंच बंद आहे. टिक. टिक. टिक. बारीक, कोरडा, धातूचा आवाज, मध्येच जरा लवकर येणारा. तीस वर्षं ती झडप तिच्या छातीत वाजते आहे आणि मी तिच्याजवळ बसून इतक्यांदा गप्पा मारल्या आहेत, पण मी तो कधी ऐकला नव्हता.

“जागी हायेस?” आत्याचा घोगरा आवाज.

मला बोलायचं नव्हतं. काडी या गालातून त्या गालात घेतली, हात वर करून तिच्या पलंगाच्या लाकडावर दोनदा टकटक केलं, आणि पुन्हा ऐकत पडले.